रुईझीने कालवलेलं औषध

आमच्या थोरल्या जाऊबाईंचं, रुईझींचं, वय आता सत्तरीच्या पुढे गेलंय. दिवसभर दारात छोट्या स्टुलावर बसून असतात. ऊन सरकलं की स्टूल सरकवतात, एवढीच काय ती हालचाल. लेक श्याओमान जिल्ह्याच्या गावी राहायला बोलावते, ह्या हो म्हणतात आणि तिथेच बसून राहतात. परवा पलीकडच्या घरची नवी सून माझ्या कानाशी लागून म्हणाली, "काकू, तुमच्या जाऊबाईंना कळतं ना सगळं?"

"तुझ्यापेक्षा जास्त कळतं," मी म्हटलं. मी तोंडाची फटकळ आहे, हे गावाला नवीन नाही. पण त्या पोरीचा तरी काय दोष? आमच्या श्याओदी गावात आता कापूस कुणी लावत नाही. जिकडे बघावं तिकडे मका नाहीतर लसूण. पऱ्हाटीला पात्या, म्हणजे कळ्या, कधी लागतात, बोंडं कधी धरतात, हे या पोरींनी बघितलेलंच नाही. जाऊबाईंना जे कळतं ते दिसायला समोर पऱ्हाटी पाहिजे आणि पऱ्हाटीवर अळी पाहिजे.

जाऊबाई जुन्या नदीच्या बांधापलीकडच्या गावातून लग्न होऊन इथे आल्या. लुआनांच्या थोरल्या मुलाला, देशुनला दिल्या. चार वर्षांनी मी आले धाकट्याला, देमाओला. मी आले तेव्हा घर सगळं जाऊबाईंच्या हातांवर चाललं होतं आणि सासूबाईंच्या तोंडावर. सासूबाई म्हणायच्या, "रुईझी, पाणी!" की पाणी हजर. "रुईझी, डुकराकडे बघ!" की ह्या डुकराकडे. ताटात वाढून घेतलेलं तसंच ठेवून उठायच्या. मला बघवत नसे. मी एकदा म्हटलं, "ताई, एखाद्या वेळी ऐकू आलं नाही असं करा की हो!"

त्या म्हणाल्या, "ऐकू आलं ना पण."

मी कपाळाला हात लावला.

पण शेतात गोष्ट वेगळी. शेतात सासूबाई येत नसत, आणि तिथे जाऊबाईंच्या पुढे जायची कुणाची छाती नव्हती. बोंडअळीचा पतंग पऱ्हाटीच्या कोवळ्या शेंड्यावर अंडं घालतो. खसखशीच्या दाण्याएवढं, आणि तेही सुटं सुटं, एक इथे, एक तिथे. मला ते दाखवलं तरी दिसायचं नाही. त्या चालता चालता बघायच्या आणि नखाने टिपायच्या. शेंडे खुडायच्या दिवसांत बाकीच्या बाया शेंडा मोडायच्या आणि तिथेच सरीत टाकायच्या. गाणी म्हणत, एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढत. जाऊबाई एकेक शेंडा पोटाशी बांधलेल्या ओच्यात भरायच्या आणि घरी आणून चुलीत घालायच्या. बाया हसायच्या. "रुईझी, शेंड्यांची भाजी करतेस की काय?" ह्या म्हणायच्या, "अंडी आहेत त्यांवर." खाली पडलेल्या शेंड्यावरची अंडीही फुटतातच, आणि अळ्या पुन्हा झाडावर चढतात, एवढं साधं गणित. पण कंबर मोडून वेचलेलं ओझं घरी वाहून न्यायचा कंटाळा सगळ्यांना.

पॉप्लरच्या जुड्या बांधाव्यात तर त्यांनीच. आमच्याकडे बांधावर, रस्त्याला, सगळीकडे पॉप्लर. त्याच्या हातभर लांब फांद्या तोडायच्या, एक दिवस सावलीत कोमेजू द्यायच्या, मग जुडी बांधून काठीला लावायची आणि दिवस मावळताना शेतात रोवायची, पऱ्हाटीच्या डोक्यावर जरा वर. कोमेजल्या पानांचा वास पतंगाला आवडतो म्हणतात. रात्रभर हुंदडून पतंग पहाटे त्या पानांत लपतात. सूर्य वर यायच्या आत गेलं की जुडीवर पिशवी घालायची, गदागदा हलवायची, आणि पिशवी पायाखाली. उशीर झाला की सगळे उडून जातात. बाकीच्यांच्या जुड्या ताज्या फांद्यांच्या असायच्या, नाहीतर पार वाळून कोळ झालेल्या. जाऊबाईंच्या जुडीत पिशवी फुगेपर्यंत पतंग. देशुनभाऊजी कौतुकाने म्हणायचे, "माझ्या बायकोने हाक मारली तर पतंग रांगेत येतील." त्या खाली बघायच्या. लाजायच्या तेव्हा.

देशुनभाऊजी माणूस मोकळा. जोरात हसणारा, जोरात खाणारा, कांद्याची पात सोयाबीनच्या चटणीत बुडवून वाफवलेल्या पावाबरोबर असा खायचा की बघणाऱ्याला भूक लागावी. बायकोवर कधी हात उचलला नाही. हुकूम मात्र सोडायचा. पुरुषच तो.

मग ब्याण्णवचा उन्हाळा आला. असल्या अळ्या मी आधी बघितल्या नव्हत्या आणि नंतरही नाही. रस्त्याने चालताना चपलेखाली फुटायच्या. वाळत घातलेल्या कपड्यांवर चढायच्या. पात्या, फुलं, बोंडं, सगळ्याला भोक. औषध मारलं तरी मरेनात. गावात विनोदच झाला होता की अळ्या औषधात आंघोळ करतात आणि आणखी गोऱ्या होतात. एका पठ्ठ्याने तर खरंच अळी उचलून बाटलीत टाकली. ती वळवळत पोहायला लागली. आम्ही सगळे हसलो. हसायला येत होतं तेव्हा.

अळी मरत नाही म्हटल्यावर माणूस काय करणार? औषध वाढवणार. सगळ्या गावाने तेच केलं. आणि भर दुपारी मारायचं, कारण उन्हात औषध जास्त चढतं असा सगळ्यांचा समज. चढतं खरं, पण कुणाला ते कुणी बघितलं नाही. पुरुष उघड्या अंगाने पंप पाठीला लावायचे, कारण सदरा घामाने चिकटतो. पंप गळके, औषध पाठीवरून चड्डीत. आमच्याकडची रीत अशी की पंप पुरुषाने पाठीवर घ्यायचा. पाणी आणायचं, औषध कालवायचं आणि भरलेला पंप त्याच्या पाठीवर चढवून द्यायचा ते बाईने. घरोघर तसंच. आमच्या शेतात मी कालवायची, शेजारच्या पट्ट्यात जाऊबाई.

एक दिवस देशुनभाऊजी फवारणी करून संध्याकाळी घरी आले आणि जेवायला नको म्हणाले. ते जेवायला नको म्हणाले तेव्हाच मला कळायला हवं होतं की काहीतरी भलतंच आहे. लाळ गळायला लागली. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या. आमच्या ह्यांनी, देमाओने, ट्रॅक्टर काढला, मागे रजई टाकली, त्यावर त्यांना घातलं. जाऊबाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. तालुक्याचा दवाखाना यायच्या आतच सगळं संपलं होतं.

आमच्याकडे नवऱ्याच्या प्रेताला बायकोने मोठ्याने आक्रोश केला पाहिजे. पांढरं बांधून, जमिनीवर डोकं टेकून, नाव घेऊन घेऊन. पाहुणे कान देऊन ऐकतात आणि कोण किती रडलं ते वर्षभर बोलतात. जाऊबाई पांढरं नेसून बसल्या होत्या आणि त्यांच्या तोंडातून आवाज निघेना. सासूबाईंनी मागून चिमटा काढला. तरी नाही. शेवटी मीच गळा काढला, दोघींच्या वाटचं रडले. श्याओमान माझ्या कुशीत थरथरत होती. लोक म्हणाले, बाई दगडाची आहे. कुणी म्हणालं, आता हिला दुसरं लग्न करायचं असेल. मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

त्यानंतरचा हिवाळा कसा गेला ते मला नीट आठवतच नाही. घरात कुणी भांडत नव्हतं. सासूबाईसुद्धा पाणी स्वतः घ्यायला लागल्या. जाऊबाई सगळं करायच्या, पीठ मळायच्या, डुकराला घालायच्या, लेकीची वेणी घालायच्या, आणि कशातच नसायच्या. एकदा तव्याला हात लागून फोड आला, त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. मी म्हटलं, "ताई, दुखत नाही का?" त्या हाताकडे बघून म्हणाल्या, "दुखत असेल." मला त्या दिवशी भीती वाटली. आणि खरं सांगते, त्यानंतर मलाही हळूहळू काही वाटेनासं झालं. रोज सकाळी उठायचं, भूक लागली की खायचं. नवऱ्याकडे बघायचं आणि मनात मोजायचं, की या घरात पंप उचलणारा आता हा एकच पुरुष उरलाय.

पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही शेतं ह्यांच्याकडे आली. अळ्याही आल्याच. जाऊबाई अंधार असतानाच उठायच्या, पिशवी घेऊन जायच्या. त्यांच्या पट्ट्यातल्या जुड्या हलवून झाल्या की आमच्या पट्ट्यात यायच्या. जुड्या झाल्या की पात्या उलगडून अळ्या वेचायच्या. ऊन चढलं की अळी आत शिरते, म्हणून त्याआधी. मी एकदा जरा चिडूनच म्हटलं, "ताई, आमच्या शेतात कशाला मरता? आम्हाला हात नाहीत का?"

"अळीला बांध कुठे दिसतो," त्या म्हणाल्या आणि पुढच्या झाडाकडे वळल्या.

मला वाटलं, वेड लागलंय. पण आमच्या शेतातली पोखरलेली फुलं खरंच कमी होत गेली. हे म्हणायला लागले, "वहिनींनी अशीच वेचली तर यंदा पंप काढायची गरज नाही." मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

आणि तेवढ्यात गावाचा भोंगा वाजला. गावप्रमुख घसा खाकरून म्हणाला, उद्या सगळ्यांनी एकाच दिवशी फवारणी करायची. एकही शेत सुटता कामा नये, नाहीतर एकाच्या शेतातली अळी सगळ्यांना खाईल. घरटी औषधाची बाटली मिळेल, घेऊन जा. भोंग्यातलं बोलणं तसं बरोबरच होतं. हे बाटली घेऊन आले आणि खिडकीत ठेवली. मी रात्रभर त्या खिडकीकडे बघत होते.

सकाळी जाऊबाई आल्या. म्हणाल्या, "धाकटे, तुझ्या हातांना चिरा पडल्यात. दोन्ही शेतांचं मी कालवते." बाटली घेऊन गेल्या. मला काय, माझ्या हातांची खरंच आग होत होती. मी पाणी आणायचं, त्यांनी कालवायचं, दोघींनी मिळून पंप चढवायचा, असं ठरलं.

कालव्याच्या पुलापाशी त्यांनी बादली ठेवली होती. पाणी पांढरं झालं होतं, औषध घातल्यावर होतं तसं. मी आणखी एक बादली ओतली आणि थांबले. वास येत होता, पण तो सगळ्या आभाळातून येत होता. चारी बाजूंना पंप चालले होते, गावाच्या नाकात दुसरा वासच नव्हता. बादलीला मात्र वास नव्हता. बादलीवर गाळायचं फडकं होतं आणि फडक्याला शेवईचा तुकडा चिकटला होता. हाताने कापलेल्या शेवईचा, जाऊबाईंच्या हातचा, कडेला जरा जाड. रात्रीच्या शेवया उकडलेलं पाणी.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी तुकडा बोटाने उचलला आणि गवतात टाकला.

"धाकटे, उचल. तो थांबलाय."

मी पंप उचलला. एका बाजूने त्यांनी, एका बाजूने मी, आणि ह्यांच्या पाठीवर चढवला. हे ओळीत शिरले आणि डावा हात दांड्यावर खालीवर करत शेवयांचं पाणी मारत गेले. दिवसभर मारलं. दोन्ही शेतं. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. संध्याकाळी हे घरी आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, "भूक लागलीय, वाढ." मी आत जाऊन पिठाच्या डब्यात तोंड घालून रडले. बाहेर आले तेव्हा भुवयांना पीठ लागलं होतं. हे म्हणाले, "काय ग, नाटकात काम करतेस की काय?"

पण अळी काही शेवयांच्या पाण्याने मरत नाही. पानांवरची माव्याची कीड जरा कमी झाली, पिठाच्या चिकटीने असेल. शेजारच्यांच्याही अळ्या पुरत्या मेल्या नव्हत्या, पण आमच्यापेक्षा कमी होत्या. उरलेल्या आमच्याकडे जेवायला. जाऊबाई आणि मी वेचत होतो, तरी हाताला कितीसं पुरणार! दर सकाळी भोकं पडलेल्या पात्या सरीत गळून पडलेल्या दिसायच्या. हे त्या उचलून तळहातावर घेऊन बघत बसायचे. तोंड काळं पडत चाललं होतं.

"औषध नकली आहे," हे एक दिवस म्हणाले. "मला वाटलंच होतं. पाण्यासारखं होतं. तरी म्हटलं वास कसा नाही!"

मी भांडी घासत राहिले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही दोघी शेतात होतो तर हे आले. पाठीवर रिकामा पंप, हातात नवी बाटली. कुणा ओळखीच्याकडून आणली होती, खरी, जुनी, कडक. दुरूनच डोळ्यांत झोंबत होती. सदरा काढून बांधावर टाकलेला. आम्ही ह्यांच्या पंपात शेवयांचं पाणी भरून ह्यांना वाचवलं होतं, आणि त्याच पाण्यामुळे आता हे दुपटीने विष अंगावर घ्यायला निघाले होते.

ह्यांनी बाटली जाऊबाईंच्या हातात दिली. कालवायचं काम त्यांचं ठरलं होतं ना. म्हणाले, "वहिनी, आज दोन झाकणं जास्त घाला. एकदाच काय तो निकाल लागू दे."

जाऊबाईंनी बाटली घेतली. हो म्हणाल्या. पुलाच्या कठड्यापाशी गेल्या आणि बाटली विटेवर आपटली. काच फुटली, औषध मातीत पांढरं पांढरं पसरलं. त्यांनी पायाने त्यावर कोरडी माती ओढली.

हे ओरडले, "वहिनी! अहो, वेड लागलं का तुम्हाला? आधीच त्या नकली औषधाने निम्मं पीक गेलं!"

"नकली नव्हतं," जाऊबाई म्हणाल्या. "मी घातलंच नव्हतं. शेवयांचं पाणी होतं."

ह्यांना समजायला वेळ लागला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

"होतं," मी म्हटलं. "आणि परत वेळ आली तर परत तेच भरीन तुमच्या पंपात. जा, मारा मला."

मला वाटलं आता पंपच फेकून मारतात. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. पण आवाज निघाला तो एकदम बारीक. म्हणाले, "मग दादाच्या वेळी का नाही, वहिनी? मला शेवयांचं पाणी. आणि त्याला?"

त्यांच्या तोंडावर हात ठेवावा असं मला झालं. एवढ्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. सासूबाईंनीसुद्धा नाही.

जाऊबाई पायाने माती सारखी करत होत्या. मीठ कुठे आहे असं विचारावं त्या आवाजात त्या बोलल्या. "ते म्हणाले, एक झाकण जास्त घाल. मी घातलं. मग म्हणाले, अजून एक. तेही घातलं. वास माझ्या डोक्यात चढत होता. हे फार होतंय, असं मला कळत होतं. पण ते म्हणाले, आणि मी घातलं. पंपही मीच चढवून दिला. आज तू म्हणालास, दोन घाला. बाटली हातात राहिली असती तर मी घातली असती, देमाओ. मला माझा भरवसा नाही. म्हणून फोडली."

पंपाचे पट्टे खांद्यावरून उतरवायचंही ह्यांना सुचेना.

मी म्हटलं, "ताई, मीही तेच घालत होते. गेल्या साली गावातली प्रत्येक बाई घालत होती. तुम्ही एकट्या नव्हता."

"हो," त्या म्हणाल्या. "पण तुझा जेवायला परत आला."

मग त्यांनी खाली ठेवलेली पिशवी उचलली आणि ओळीत शिरल्या, कारण ऊन चढायला लागलं होतं. हे पंप उतरवून मागून गेले आणि शेजारची ओळ धरली. मी पंप उलटा करून बांधावर ठेवला.